स्टूपर म्हणजे नक्की काय? ग्लानी, गुंगी, झापड की अजून काही?

नानांचा धाकटा :
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. गेल्या मे महिन्यात आमच्या नानांना (वय ७८) अॅडमिट करावं लागलं. सकाळी चहा कपात तसाच थंड, पेपर मांडीवर उघडा आणि नाना खुर्चीत मान टाकून. हाक मारली की "हं" म्हणायचे आणि परत डोळे मिटायचे. उकाडा आहे, रात्री लाइट गेली होती, झोप झाली नसेल म्हणून आम्ही पण सोडून दिलं. दुपारी पलंगावर निजवलं तर ते "हं" पण बंद. मग शेजारच्यांच्या गाडीत घालून इथल्याच, इंदुरातल्या लोकमान्यनगरहून एका खाजगी हॉस्पिटलात नेलं.

खरी मजा (आता मजा म्हणतोय, तेव्हा पाय लटपटत होते) कॅज्युअल्टीत झाली. ड्यूटीवरचा डॉक्टर तरुण मुलगा, सागर-दमोहकडचा असावा बोलण्यावरून. त्याने विचारलं क्या हुआ, तर मी घाईघाईत म्हटलं, "इनको सुबह से ग्लानि आ रही है." तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "किस बात की?" मला वाटलं हा चेष्टा करून राहिलाय. मागून आई म्हणाली अरे गुंगी सांग ना गुंगी, आणि तिनेच पुढे होऊन सांगितलं, "डॉक्टरसाब, गुंगी है सुबह से." त्याने आधी आईकडे पाहिलं, मग नानांकडे, आणि एकदम "बोलना कब से बंद है?" म्हणून धावपळ सुरू, पॅरालिसिसचा अटॅक समजून चार जण गोळा झाले. हिंदीत गूंगी म्हणजे मुकी हे इंदुरात जन्म काढून मला त्या क्षणी आठवलं नाही!! मानेला एक कडक पट्टा पण बांधला, तो दुसऱ्या दिवसापर्यंत होता, कशासाठी ते शेवटपर्यंत कोणी नीट सांगितलं नाही.

असो. निघालं काय तर रक्तातलं सोडियम घसरून ११३. बीपीच्या गोळीत लघवी होण्याचं औषध, त्यात आईने मीठ बंद केलेलं, त्यात दोन दिवस उलट्या. पाच दिवसांनी घरी आलो, आता नाना ठणठणीत आहेत, सकाळी पोहे मागतात.

डिस्चार्ज कार्डवर लिहिलंय की पेशंट "स्टूपर"मध्ये आणला, जीसीएस ९/१५. मोबाइलवर शोधलं तर कुठे गुंगी, कुठे बधिरपणा, कुठे सरळ बेशुद्धी. पण नाना बेशुद्ध नव्हते हो. छातीवर मुठीने जोरात रगडलं की डोळे उघडायचे, एकदा तर "शिंच्या!" असं स्पष्ट म्हणाले आणि परत गेले. ह्या अवस्थेला आपल्या मराठीत नेमकं काय म्हणायचं?

जिरावण :
नाना बरे आहेत ना, बस झालं भिया. बाकी "किस बात की" वाचून ऑफिसात हसलो, बॉस बघून राहिला होता.

रामबागवाली :
आधी नानांना नमस्कार सांगा. आणि हे फक्त तुमच्याकडेच नाही होत, इथल्या प्रत्येक मराठी घराची गोष्ट आहे ही. माझा मुलगा पहिलीत होता, शाळेत हिंदी. घरी मी म्हणायची, डोळ्यांवर झापड आली का रे, चल झोप. एके दिवशी बाईंना जाऊन सांगितलं, "मैडम, मुझे झापड़ आ रही है." बाई म्हणाल्या, "आ नहीं रही, अभी पड़ेगी." रडत घरी आला. हिंदीत झापड़ म्हणजे थोबाडीत, हे त्या सहा वर्षांच्या पोराला कोण सांगणार.

आणि सासऱ्यांच्या हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी सासूबाई वॉर्डातल्या बाईंना सांगत होत्या की डॉक्टर आधी भूल देंगे फिर काटेंगे. त्या बाई घाबरून म्हणाल्या, अम्माजी, हमारे यहाँ कोई भूल नहीं होती.

बडोदेकर :
भूलचं आमच्याकडेही तेच, गुजरातीत पण भूल म्हणजे चूकच. पण गुजरातीत ह्या अर्थाला एक छान छोटा शब्द आहे, घेन. औषधाचं घेन चढतं, घेनच्या गोळ्या असतात. मी बडोद्यात वाढल्यामुळे मराठी बोलताना पण "घेन आलंय" म्हणतो आणि पुण्याची बायको विचारते काय घेऊन आलंय.

निवृत्त मास्तर :
ग्लानी शब्दाची गंमत आहे खरी, जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा. संस्कृतात मूळ धातूचा अर्थ थकणे, कोमेजणे, गळून जाणे. गीतेत चौथ्या अध्यायात "यदा यदा हि धर्मस्य ग्लानिर्भवति" आहे तिथे धर्माला झोप आली असा अर्थ नाही, धर्म क्षीण झाला, खंगला असा आहे. मराठीने त्यातला शरीराचा थकवा घेतला आणि तो डोळे मिटण्यापर्यंत नेला, तापाची ग्लानी वगैरे. हिंदीने मनाचं कोमेजणं घेतलं आणि ते पश्चात्तापापर्यंत नेलं, म्हणून आत्मग्लानि. एकच आजोबा, दोन नातवंडं, एक झोपाळू आणि एक रडका. त्या मुलाने "किस बात की" विचारलं ते त्याच्या भाषेप्रमाणे शंभर टक्के बरोबर होतं.

नाट्यशास्त्रात ३३ व्यभिचारी भाव सांगितलेत, त्यात ग्लानी आहे, शिवाय निद्रा, सुप्त, मद, मोह आणि जडता हे सगळे वेगवेगळे मोजलेत. म्हणजे ह्या अवस्थांमधले बारकावे आपल्या लोकांना चांगले कळत होते. आठ सात्त्विक भावांतला शेवटचा तर प्रलय, आणि तिथे प्रलय म्हणजे पूरबीर नाही, शुद्ध हरपणं. स्टूपरला मी जडता म्हणेन.

टीकाकार :
मास्तर, माफ करा, पण "नानांना जडता आली" असं म्हटलं तर लोक वजन विचारतील.

जिरावण :
दाल बाफले खाल्ल्यावर जे होतं ते स्टूपर. रविवारी दुपारी, तुपात बुडवलेले चार बाफले, वरून लाडू. त्यानंतर घरात चोर आला तरी मी त्याला म्हणेन की पंखा जरा वाढवून जा.

शब्दवेल्हाळ :
बाफल्यानंतर येते ती सुस्ती हो. 😀

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते, त्यामुळे ह्या शब्दाशी माझं जुनं वैर आहे. मूळ लॅटिन स्टुपेरे, म्हणजे थक्क होणे, सुन्न होणे. स्टुपिड आणि स्टुपेंडस ही त्याचीच भावंडं, एक सुन्न झालेला आणि दुसरं सुन्न करणारं. डॉक्टर सोडून इतर लोक हा शब्द वापरतात तेव्हा बहुतेक वेळा तो दारूबरोबर येतो, ड्रंकन स्टूपर. इथे नवीन भाषांतरकार हमखास फसतात, "मद्यधुंद अवस्थेत" लिहून मोकळे होतात. पण धुंद माणूस गातो, भांडतो, बायकोला फोन लावतो. स्टूपर त्याच्या पुढची पायरी, सगळं गाऊन भांडून झाल्यावर जिन्यात आडवा झालेला असतो तो. मी तिथे "पिऊन पडलेला" एवढंच लिहिते, काम होतं.

दुसरा वापर दुःखाचा. बातमी ऐकून ती स्टूपरमध्ये बसून राहिली. इथे गुंगी, ग्लानी, बेशुद्धी सगळं चूक, कारण डोळे उघडे आहेत. इथे आपलं "सुन्न" फिट्ट बसतं, ती सुन्न बसून राहिली. तिसरा उकाड्याचा, आळसाचा, तिथे "पेंगुळलेलं गाव". म्हणजे इंग्रजीत एकच नाम आणि मराठीत प्रत्येक वेळी वेगळं क्रियापद. आपण अवस्थेला नाव देत बसत नाही, माणूस काय करतोय ते सांगतो, पडलाय, बसलाय, पेंगतोय. नानांसाठी एकच नाम शोधत बसलात तर नाही सापडणार बहुतेक.

मी_ग्वाल्हेरी :
ग्रॉगी पण ह्यातलाच ना? आमच्या इथे जिममधली मुलं म्हणतात आज ग्रॉगी वाटतंय.

शब्दवेल्हाळ :
ग्रॉगी हलकं आहे, झोपेतून उठल्यावर डोकं जड असतं तसं. त्याची गोष्ट मजेशीर आहे. इंग्रजांचा व्हर्नन नावाचा अॅडमिरल होता, ग्रोग्रॅम नावाच्या जाड्याभरड्या कापडाचा कोट घालायचा म्हणून खलाशी त्याला ओल्ड ग्रॉग म्हणायचे. १७४० मध्ये त्याने हुकूम काढला की खलाशांना रम नुसती द्यायची नाही, पाणी घालून द्यायची. त्या पाणी घातलेल्या रमचं नाव पडलं ग्रॉग, आणि ती जास्त पिऊन डुलणारा तो ग्रॉगी. कोटावरून दारू, दारूवरून डोकेदुखी.

जिरावण :
पाणी घालून दिली तरी प्यायले, शिस्तीची माणसं.

मी_ग्वाल्हेरी :
आणि भांग? महाशिवरात्रीला उज्जैनला मित्राने ठंडाई म्हणून पाजली होती, मी तीन तास रेल्वेचं टाइमटेबल वाचत होतो असं लोक सांगतात. ते स्टूपर का?

निवृत्त मास्तर :
ती तंद्री. स्टूपरवाला टाइमटेबल वाचत नाही.

वॉर्डातला :
धागा आज पाहिला. मी मेडिसिनला आहे, इंदुरातच, त्यामुळे थोडं कामाचं लिहितो.

वॉर्डात आम्ही चार पायऱ्या मनात ठेवतो. पहिली, पेशंट झोपाळलेला आहे पण हाक मारली की जागा होतो, उत्तर देतो, सोडलं की डुलकी. दुसरी, हाकेला उशिरा आणि अर्धवट प्रतिसाद, भोवती काय चाललंय त्यात रस नाही. तिसरी स्टूपर, हाकेने काहीही होत नाही, जोरात हलवावं लागतं किंवा दुखवावं लागतं, तेव्हा डोळे उघडतो, कण्हतो, हात झटकतो आणि दुखवणं थांबवलं की परत होता तिथे. हे शेवटचं महत्त्वाचं आहे, परत होता तिथे. चौथी कोमा, दुखवूनही जाग नाही. नानांचं वर्णन तुम्ही जे लिहिलंय, रगडलं की डोळे उघडले, शिव्या दिल्या, परत गेले, ते अगदी पुस्तकातलं स्टूपर आहे. बेशुद्धी म्हटलं तर जास्त होतं आणि गुंगी म्हटलं तर कमी.

छातीच्या मधल्या हाडावर मुठीने रगडणं, नखावर पेन आडवं धरून दाबणं, भुवईच्या खालच्या कडेला अंगठा दाबणं, हे सगळं मुद्दाम करतात. नातेवाईकांना भयंकर वाटतं ते, मला एका काकूंनी हातावर फटका मारलाय. नंतर छातीवर निळसर डाग राहतो, नानांना पण राहिला असेल.

आता गंमत अशी की हे शब्द आम्हालाच पुरत नाहीत. माझ्यासाठी जो स्टूपर तो रात्रपाळीवाल्यासाठी नुसता झोपाळलेला, मग सकाळी पेशंट सुधारला की बिघडला तेच कळत नाही. म्हणून १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट ह्या दोन डॉक्टरांनी शब्दांऐवजी मार्क द्यायची पद्धत काढली, तेच तुमच्या कार्डवरचं जीसीएस, ग्लासगो कोमा स्केल. डोळ्यांना ४, बोलण्याला ५, हालचालीला ६, एकूण १५. कमीत कमी ३, शून्य नसतं, काहीच न करणाऱ्यालाही ३ मिळतात. ८ किंवा त्याच्या खाली गेलं की साधारण कोमा धरतात.

नानांचा धाकटा :
डाग होता हो! घरी आल्यावर आंघोळ घालताना दिसला, मी समजलो स्ट्रेचरवरून कुठे आपटले. चार दिवस मनात शिव्या देत होतो.

कार्डवर ९ च्या पुढे "ई२ व्ही२ एम५" असं लिहिलंय, त्याचा अर्थ सांगाल का?

वॉर्डातला :
ई२ म्हणजे दुखवल्यावरच डोळे उघडले. एम५ म्हणजे दुखतंय तिथे हात नेऊन डॉक्टरचा हात काढायचा प्रयत्न केला, चांगली गोष्ट. व्ही२ म्हणजे बोलणं नाही, नुसते अर्थ नसलेले आवाज.

एक मिनिट. तुम्ही वर लिहिलंय की नाना "शिंच्या" म्हणाले. स्पष्ट म्हणाले?

नानांचा धाकटा :
अगदी स्पष्ट. लहानपणी मी क्रिकेटच्या बॉलने खिडकी फोडली तेव्हा म्हणाले होते त्याच आवाजात.

वॉर्डातला :
मग व्ही३ व्हायला हवं होतं! संभाषण नाही पण ओळखू येणारे सुटे शब्द आले तर ३, आणि शिव्या त्यातच मोडतात. सागर-दमोहच्या मुलाला शिंच्या हा शब्द आहे हेच माहीत नसणार, त्याला तो कण्हल्याचा आवाज वाटला, म्हणून २. नानांचा खरा स्कोअर १०. शुद्ध मराठीत शिवी दिल्यामुळे एक मार्क गेला.

जिरावण :
रिचेकिंगचा फॉर्म भरा भिया, एक मार्क म्हणजे एक मार्क.

रामबागवाली :
😂😂 हे मी आमच्या मंडळातल्या ग्रुपवर सांगू का? नाव न घेता.

टीकाकार :
हसण्यावारी नेऊ नका, मुद्दा गंभीर आहे. म्हातारपणी आजारात माणूस त्याच्या पहिल्या भाषेत जातो आणि आपल्या इथे पेशंट एका भाषेत, नातेवाईक दुसऱ्या आणि कार्ड तिसऱ्या भाषेत. मध्य प्रदेशात डॉक्टरकीची पुस्तकं हिंदीत आली, १६ ऑक्टोबर २०२२ ला भोपाळला थाटात प्रकाशन झालं, पहिल्या वर्षाची तीन. मी चाळली आहेत, शब्द बहुतेक इंग्रजीच, फक्त नागरीत लिहिलेले. त्याला काही जण नावं ठेवतात, मला ते बरोबर वाटतं. स्टूपरला कुठून तरी जाडजूड तत्सम शब्द आणून बसवला असता तर तो ना पेशंटला कळला असता ना डॉक्टरला.

निवृत्त मास्तर :
जाडजूड शब्द हा टोमणा मला असावा, घेतला. पण जुन्यांना हसू नका. चरकाच्या सूत्रस्थानात २४ वा अध्याय काढून बघा, तिथे मद, मूर्च्छा आणि संन्यास अशा चढत्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्या, दोषांचा वेग ओसरला की, आपोआप शमतात, संन्यास मात्र औषधावाचून जात नाही असं स्पष्ट सांगितलंय. संन्यास म्हणजे इथे भगवी कफनी नाही, सगळ्या हालचाली बंद, लाकडासारखा पडलेला, मेल्यासारखा. आणि त्याला जागं करायचे उपाय वाचा, डोळ्यांत तीक्ष्ण अंजन, नाकात औषध फुंकणं, सुया टोचणं, नखाखाली दुखवणं, केस उपटणं, दातांनी चावणं आणि खाजकुयली चोळणं.

वॉर्डातला :
नखाखाली दुखवणं! आम्ही पेन नखावर दाबतो, हे थेट नखाखाली. खाजकुयली मात्र आमच्या ट्रॉलीत नसते.

फरक एवढाच की ते जागं करण्यासाठी दुखवत होते, आम्ही किती जागा आहे ते मोजण्यासाठी दुखवतो. दुखवून सोडियम वाढत नाही. ते १३५ ते १४५ असायला हवं, खूप खाली गेलं की मेंदूच्या पेशींमध्ये पाणी शिरतं, त्या फुगतात. आणि भरून काढायचं ते पण दमाने, २४ तासांत ८-१० पेक्षा जास्त वाढवायचं नाही, घाई केली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. नाना पाच दिवस राहिले ते त्यामुळेच, उगाच बिल वाढवलं असं समजू नका (कोणीतरी विचारणारच होतं).

शब्दवेल्हाळ :
पण डॉक्टर, मी कुठेतरी कॅटाटोनिक स्टूपर असं वाचलंय, त्यात पेशंट डोळे उघडे ठेवून असतो. मग तुमची व्याख्या?

वॉर्डातला :
बरोबर पकडलंत. तो मानसोपचारवाल्यांचा स्टूपर, त्यांचं वेगळंच. काहलबाउम नावाच्या जर्मन डॉक्टरने १८७४ मध्ये कॅटाटोनिया मांडला. त्यात माणूस जागा असतो, सगळं ऐकत असतो, पण बोलत नाही, हलत नाही, खात नाही. हात उचलून हवेत ठेवला तर तसाच राहतो, मेणाच्या बाहुलीसारखा. मी एकच पाहिलाय, विशीतला मुलगा, घरचे म्हणत होते बाहेरचं काहीतरी लागलंय, तीन ठिकाणी फिरवून आणलं होतं. लोराझेपामचं इंजेक्शन दिल्यावर थोड्या वेळाने त्याने पाणी मागितलं, घरचे माझ्याऐवजी सुईच्या पाया पडायच्या बेतात होते. नंतर तो आम्हाला सांगत होता की त्या तीन दिवसांत कोण काय बोललं ते सगळं त्याला ऐकू येत होतं, मावशी काय म्हणाली ते सुद्धा. म्हणून ह्या दोन स्टूपरना मराठीत एकच शब्द देऊ नका अशी माझी विनंती. आणि पेशंट पडलेला आहे म्हणून उशाशी उभं राहून वाटण्याच्या गोष्टी करू नका, दोन्हीत.

मी_ग्वाल्हेरी :
अशा वेळी घरी काय करायचं? आमच्याकडे कांदा फोडून नाकाला लावतात. आजीला एकदा चप्पल हुंगवली होती.

वॉर्डातला :
कांदा पोह्यात घाला. एका कुशीवर वळवा म्हणजे उलटी झाली तरी श्वासनलिकेत जाणार नाही, कवळी असेल तर काढा, घरी मशीन असेल तर शुगर बघा, १०८ लावा. तोंडात पाणी, चहा, साखर, ग्लुकोज काही घालू नका, अर्धवट शुद्धीत गिळता येत नाही. डायबेटिसच्या गोळ्या घेणाऱ्या म्हाताऱ्यांमध्ये शुगर खाली जाऊन अगदी हेच चित्र दिसतं. आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत ती पिशवी बरोबर आणा, नातेवाईक "एक सफेद गोली है छोटी" म्हणतात तेव्हा आम्हालाच स्टूपर येतो.

रामबागवाली :
मी इतका वेळ विचार करतेय, माझी आजी असं कोणी असलं की म्हणायची "निपचित पडलाय". ताप असो, दारू असो, मार खाऊन असो. हलत नाही, बोलत नाही, पण गेलेला नाही. हा शब्द कसा काय कोणाला आठवला नाही?

शब्दवेल्हाळ :
वा! निपचित! आणि बघा, परत नाम नाहीच, नुसतं निपचित म्हटलं तर वाक्य अर्धं राहतं, पुढे पडणं लागतंच.

निवृत्त मास्तर :
मान्य. जडता मागे घेतो.

वॉर्डातला :
निपचित मध्ये दुखवल्यावर डोळे उघडतो हे येत नाही, पण त्यासाठी मार्क आहेतच. मला चालेल. हिंदीत ह्याच्यासारखा दिसणारा दुसरा शब्द पण आठवत नाही, म्हणजे कॅज्युअल्टीत घोटाळा व्हायला नको.

नानांचा धाकटा :
तुमचं हे वाक्य वाचलं आणि काल रात्री झालेला प्रकार सांगतो.

सगळा धागा आईला मोठ्याने वाचून दाखवत होतो, नाना समोर कोडं सोडवत बसले होते. निपचित आला तशी आई म्हणाली, मी तर हेच सांगितलं होतं, तू गाडीचं भाडं द्यायला बाहेर गेला होतास (भाडं नव्हतं, शेजारी पैसे घेईनात म्हणून वाद चालला होता), तेव्हा दारातल्या त्या सिस्टरने विचारलं क्या हुआ अम्मा, मी म्हटलं दुपारपासून निपचित पडलेत.

मला एकदम तो मानेचा पट्टा आठवला. फाईल काढली. डॉक्टरच्या हस्ताक्षराच्या आधीचं पहिलं पान, वेगळ्या निळ्या पेनने, मोठ्या गोल अक्षरात आलेली वेळ, बीपी, आणि त्याखाली हिंदीत एकच ओळ : "दोपहर को घर में गिर पड़े, पत्नी के अनुसार."

इंदुरातली सिस्टर, तेवढं मराठी तिला येत होतं. निपचित कळलं नाही, पडले कळलं.

नानांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून ओळ दोनदा वाचली आणि आईला विचारलं, "मी पडलो कधी?"

जिरावण :
आता आईंना ग्लानि झाली असेल. हिंदीतली.